दोघांची कार्डं एका खिशात

नाय, नाय, नाय, नागेशभाऊ — बोटवाल्यांची टूर नको, बेटावर आमचं आम्ही फिरू, हे जे तुम्ही आता बोललात ना, ते परत बोलू नका. माझ्या दुकानात तरी नको. बसा. बसा हो, ममतावहिनींचं एक्झिट री-एंट्री, जाऊन परत यायची परवानगी, काय पळून जात नाय, सौदी सरकारचं अबशर पोर्टल आज हळू चाललंय, नुसतं गोल गोल फिरतंय — फिरू दे. तेवढ्यात सांगतो. मी तिकडं गेलेलो हे तुम्हाला कुणी सांगितलं? खुर्शीदनं? त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाय. होय, गेलेलो. कॅरिबियन! नाव बघा किती मोठं. आमची समरीन फ्लोरिडात असते, जावई तिकडं कॉम्प्युटरवर आहे, तिनंच काढलेली तिकिटं — अब्बा, तुम्ही आणि अम्मी कधी कुठं गेलाच नाय, हुफूफ ते गाव आणि गाव ते हुफूफ, आता सात दिवस बोटीवर मजा करा. मजा! शी! मला विचाराल तर थुंकायला पण जाऊ नये माणसानं तिकडं. खजूर घ्या ना. घ्या, आपल्या ओळखीच्या बागेतला आहे, ह्याच आठवड्यात उतरवलाय.

आधी ती बोट. बोट कसली, एक अख्खं गाव उचलून पाण्यावर ठेवलंय, आणि त्या गावाला एकच उद्योग — खाणं. सकाळी सहाला उठा, लोक खातायत. दुपारी खातायत, चारला खातायत, पोहायच्या टाकीत अर्धे बुडून खातायत! आणि अंगावर काय? सांगण्यासारखं नाय. मी मान खाली घालून चालायचो, तर खाली पण कुणीतरी आडवं पडलेलं असायचं. दारात एक पोरगी उभी, हातावर ते औषधी पाणी फवारते आणि गाणं म्हणते — हात धुवा, हात धुवा! मी दिवसातून पाच वेळा वजू करतो, मला हात धुवायला शिकवते. खोलीत जावं तर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला. कशाला? टॉवेल आहे, त्यानं अंग पुसायचं — त्याला सोंड कशाला? आमच्या अमिरुन्निसाला, म्हंजे समरीनच्या अम्मीला, भारी हसू आलं त्याचं. तिनं तो हत्ती मोडला नाय सात दिवस. मी ओल्या अंगानं उभा, आणि ती म्हणते, दुसरा घ्या, ह्याला हात लावू नका.

हां, ती आता गावी आहे. रत्नागिरीला. तिच्या बहिणीचं, फरहानाचं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून गेली. झालं ऑपरेशन. चालते आता फरहाना, जिना पण चढते म्हणे. ...येईल ना. येईल. दोन महिन्यांचं री-एंट्री काढून दिलेलं मी, ह्याच मशीनवर, ह्याच हातानं. आज शेवटचा दिवस आहे त्याचा. होय, आजच — त्यात काय एवढं? माझ्या अबशरवरून दोन मिनिटांत वाढतं, बायको तिकडं असली तरी वाढतं. माझा धंदाच तो आहे, सव्वीस वर्षं. नाय वाढवलं तर तिचा इकामा, म्हंजे इथं राहायचं कार्डच बाद, मग सगळं पहिल्यापासून. पण तिनं म्हणायला नको? एक फोन करून, अवो, तेवढी मुदत वाढवा, एवढं म्हणायला काय जीभ झिजते? मी वाट बघतोय. म्हंजे वाट नाय बघत — काम करतोय. तुमचं काम करतोय ना मी. ओटीपी आला का? नाय आला. येईल. बघा, हे असं असतं.

तर बेट. कुठलं ते विचारू नका, ते नाव मी जिभेवर आणत नाय. सकाळी आठला बोट लागली, पाचच्या आत परत या म्हणाले. बोटीवरच्या काउंटरला टूर विकत होते — पन्नास माणसांची बस, पुढं एक बाई छत्री वर धरून, आणि सगळ्यांच्या छातीवर आकडा चिकटवलेला. मी म्हटलं, मी काय मेंढरू आहे? मी सव्वीस वर्षं परमुलखात काढली. भाषा येत नव्हती तेव्हा हुफूफला उतरलो, रियाधला एकटा गेलो, खफजीला अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली तेव्हा बकऱ्यांच्या ट्रकात बसून परत आलो — मला एक एवढंसं बेट फिरता येणार नाय? तुम्ही पण हेच म्हणताय ना? तुम्ही घाटावरची माणसं, तुम्हाला तर समुद्र म्हंजेच नवलाई. मी कोकणातला असून फसलो, तुमचं काय होईल?

धक्क्यावर उतरलात की आधी काय लागतं सांगू? दुकानं. बेट नाय, दुकानं. हिऱ्याची, घड्याळाची, दारूची — अशीच दुबईत, अशीच विमानतळावर. मग त्यातून बाहेर पडलात की टॅक्सीवाले. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकमधला एक नकाशा, आणि सगळे एकदम — बीच बीच, टूर टूर, मॅडम, बॉस, माय फ्रेंड! एकानं माझ्या खांद्यावर पोपट ठेवला. विचारलं नाय, सवरलं नाय, पोपट! का तर फोटो काढा. मी म्हटलं, उतरव हे. तो म्हणे, स्माइल. पोपटानं काय केलं असेल माझ्या शर्टावर? तेच. आणि अमिरुन्निसा तोंडावर पदर घेऊन हसतेय. पदर म्हंजे दुपट्टा. अबाया घालून ये म्हटलेलं मी, तर समरीननं तिला बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी फुलांचा लांब झगा घेऊन दिलेला, निळा. बोटीवर सगळेच रंगीत, त्यात मी पण काय बोललो नाय. बोलायला पाहिजे होतं.

टॅक्सी केली नाय मी. फाटकाबाहेर दहा मिनिटं चालत गेलो आणि गावकऱ्यांच्या बसच्या थांब्यावर आलो. बस कसली — हायेस व्हॅन! आपल्या बागांतले मजूर ज्यात कोंबून नेतात ना, तीच हायेस, फक्त काचेवर रंगानं काहीतरी लिहिलेलं आणि आत गाणं एवढ्या मोठ्यानं की दाढा हलतात. मी ड्रायव्हरला विचारलं, बीच? तो म्हणे, येस बॉस. किल्ला? येस बॉस. मी मुद्दाम विचारलं, रियाध? येस बॉस! आता बोला. अशा माणसावर नजर ठेवायला नको? म्हणून मी पुढं बसलो, त्याच्या बाजूला. आणि अमिरुन्निसाला म्हटलं, तू मागं जा, शेवटच्या ओळीत, खिडकीशी. आपली रीतच आहे, इथं नाय का — गाडी कुणाचीपण असो, पुरुष ड्रायव्हरजवळ, फॅमिली मागं. तुम्ही पण तसंच बसता. हा हात असा आपोआप दार उघडतो, बाईमाणूस मागं जातं, आपण पुढं. त्यात विचार कसला करायचा? आणि तिचा फोन खोलीतच ठेवायला लावलेला मी. दोन फोन कशाला, एक पुरे. बोटीचं कार्ड — ते एक कार्ड असतं, बोटीवर चढायला तेच, खोलीचं दार उघडायला तेच — दोघांची कार्डं माझ्या खिशात. अहो, तिचा इकामा सव्वीस वर्षं माझ्या पाकिटात राहिला, एक दिवस हरवला नाय, दुमडला नाय. बायकांच्या पर्समध्ये काय टिकतं? बरं, तुम्ही सांगा, ममतावहिनींचा इकामा कुणाकडं असतो? ...बघा. आताच काढून दिलात ना मला, तुमच्याच पाकिटातनं. मग हसता कशाला?

मग बस भरली. मधे घडीच्या सीटा असतात, त्या पाडून अजून माणसं. बाजार करून निघालेल्या बाया, पिशव्या, एक मोठं कलिंगड कुणाच्या मांडीवर. मला मागचं काय दिसेना. आणि गाडी कशी चालवावी? डाव्या बाजूनं चालवतात तिकडं, आपल्या गावासारखी, पण वळणाला ब्रेक म्हणून नाय, हॉर्न. एका बाजूला दरड, एका बाजूला समुद्र. पाऊण तास झाला, बीच नाय, किल्ला नाय. मला संशय आला — हा बाबा आपल्याला भलतीकडं नेतोय, आडबाजूला नेऊन लुटणार. एका फाट्यावर बस थांबली, कुणी म्हातारा उतरत होता. तिथं झाडाखाली एक पोलीस उभा. मी म्हटलं हीच वेळ. ड्रायव्हरला म्हटलं, वेट, टू मिनिट, आणि उतरलो. तिकडं उतरणारा माणूस खिडकीतनं भाडं देतो, तशी चाल आहे. त्यानं हात पुढं केला. मी हातावर नोट ठेवली — घे, ह्यासाठीच मरतोस ना, पण थांब — आणि पोलिसाकडं गेलो. विचारलं, हा रस्ता बीचला जातो का? पोलीस म्हणाला, सगळे रस्ते बीचला जातात सर, बेट आहे हे. आणि मी मागं वळलो तर बस नाय.

होय. गेली. त्याला वाटलं मी उतरलो, भाडं दिलं, खलास. मी रस्त्यावर पळालो, एका पायातली चप्पल निघाली, ओरडतोय — फॅमिली! माय फॅमिली इनसाइड! दोन म्हाताऱ्या फळं विकत बसलेल्या, त्या मला हात करून हसल्या. त्यांना वाटलं, बरा दिसतोय माणूस, घरच्यांची आठवण काढतोय. आता तुम्हीच सांगा, ह्या मुलखाला काय म्हणायचं? बाईमाणूस आहे मागं, तिचा माणूस उतरला, तर तिला पण उतरवावं एवढी अक्कल नको? इथला कुठला पण ड्रायव्हर घ्या, पाकिस्तानी घ्या, बंगाली घ्या — कोण कुणाची फॅमिली त्याला न सांगता कळतं. तिकडं कुणी कुणाचं नाय. छ्या! किळस येते मला.

शोधलं ना. शोधणार नाय तर काय? चार तास शोधलं. ...म्हंजे बघा, बसेस सगळ्या सारख्या, सगळ्यात तेच गाणं, कुठल्या बसमागं धावणार? पोलिसाला सांगितलं. म्हंजे सांगणार होतो. पण काय सांगू, बायको बसमध्ये विसरलो? छत्री विसरतं माणूस, डबा विसरतं. तो हसला असता. उन्हात अर्धा तास उभा राहिलो — अर्धा नाय, वीस मिनिटं असेल. मग म्हटलं, ती काय दूधखुळी नाय, ती धक्क्यावरच जाणार, आपण धक्क्यावर जाऊन थांबावं. एक टॅक्सी आली, बसलो. धक्क्यावर आलो तर ऊन रणरणतंय, बसायला जागा नाय, ती नाय. मग म्हटलं बोटीवर असेल. वर गेलो. खोलीत नाय. आता कार्ड माझ्याकडं, ती वर येणार कशी, हे मला कळत होतं, नागेशभाऊ, मी काय खुळा नाय. पण मी म्हटलं खोलीत बसावं, एसीत, डोकं थंड झालं की सुचेल. मग भूक लागली. ...जेवलो. होय, जेवलो! का नाय जेवायचं? उपाशी राहून बायको परत येते का? मासा होता, पांचट, मीठ नाय मिरची नाय.

आणि नेमका तेव्हाच समरीनचा फोन. बोटीच्या वायफायवर फोन चालतो. अब्बा, काय करताय, अम्मी कुठाय? मी म्हटलं, झोपलीय. ...निघून गेलं तोंडातनं. झोपलीय खोलीत, उन्हानं थकली. पोरगी म्हणे, बरं, झोपू दे, बेट आवडलं का तिला? मी म्हटलं, भारी आवडलं. आता तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. लांब बसलेल्या पोरीच्या जिवाला घोर कशाला लावायचा? तिच्यासाठीच खोटं बोललो मी. बोटीच्या माणसांना पण त्याचसाठी सांगितलं नाय. ती माणसं लगेच माइकवर ओरडतात, अख्ख्या गावाला कळतं. मी म्हटलं, येईल, पाचला अवकाश आहे.

चार वाजून गेले. साडेचार झाले. मी वरच्या डेकवर जाऊन कठड्याशी उभा. लोक परत येतायत, हातात पिशव्या, डोक्यावर गवताच्या टोप्या, लाल झालेले, दारू प्यालेले, सगळे येतायत. त्या मेंढरांची बस आली — पन्नास गेले, पन्नास आले, छत्री पुढं.  आणि तेवढ्यात माइकवर माझं नाव. मिस्टर सिराजुद्दीन, प्लीज खाली गेटवर या. एकदा. दोनदा. मला वाटलं, संपलं, आता हे काय सांगतात कुणास ठाऊक, म्हणून कठड्याशीच उभा राहिलो. तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा गेलो. खाली जिन्याच्या पायथ्याशी ती उभी. निळा झगा गुडघ्यापर्यंत ओला. चप्पल हातात. कानामागं फूल — लाल जास्वंद. सव्वीस वर्षांत हिनं फूल घातलेलं मी बघितलं नव्हतं. आणि गार्ड तिला आत सोडत नाय, का तर कार्ड नाय. फाटकापलीकडं ती हायेस उभी, तोच चोर ड्रायव्हर, दारात उभा राहून बघतोय, ही आत गेल्याशिवाय हलत नाय म्हणे. तिच्याकडनं परतीचं भाडं पण घेतलं नाय त्यानं. ढोंगी!

मग काय, माझा तोल गेला. दिवसभराचं सगळं वर आलं. मी म्हटलं, कुठं मेली होतीस? सगळ्यांसमोर. मोठ्यानं. मराठीत म्हटलं, पण आवाज काय मराठी नसतो, सगळे वळून बघायला लागले.  ती रडली नाय — रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते मला येतं. तिनं फक्त हात पुढं केला आणि म्हणाली, माझं कार्ड द्या. मी म्हटलं, कशाला? माझ्याकडं आहे ना. बस्स, एवढंच म्हटलं मी. एवढंच ना? तुम्ही काय वेगळं म्हटलं असतं?

मध्यरात्री नाय, दरोडा घालून नाय — दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडी, मी आंघोळ करत असताना ती खाली काउंटरला गेली. एकटी. इंग्रजी किती? गावच्या शाळेतलं, आठवीपर्यंतचं. मला ह्यातलं काय माहीत नव्हतं. दुपारी मी खोलीकडं आलो, दोन कार्डं खिशात, त्यातलं जे हाताला आलं ते दाराला लावलं — लाल दिवा. परत लावलं — लाल. मला वाटलं मशीन बिघडलं. तिथला पोरगा म्हणाला, सर, हे कार्ड बंद झालंय, मॅडमनी नवं करून घेतलं. मॅडम! मी त्या दारात उभा, हातात तिच्या नावाचं मेलेलं कार्ड. माणूस काय चोर असतो घरातला, की त्याच्या पाठीमागं कुलूप बदलावं? आणि पुढच्या बेटावर ती उतरून गेली. मला उठवलं पण नाय. फोन घेऊन गेली आपला. तीनला परत आली. मी विचारलं नाय, तिनं सांगितलं नाय.

सांगितलं कुणाला? समरीनला. मला समरीनकडनं कळलं सगळं, आणि ते पण शिव्या खाऊन — पोरीनं मला काय काय सुनावलं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाय, झोपलीय म्हणालात ना अब्बा, झोपलीय म्हणालात ना, हेच धरून बसली. तर म्हणे बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, तिथं कोळ्यांचं गाव. बाया मासे साफ करत होत्या. आमची ही समुद्रकाठच्या साखरीआगरची, हिला ते बघून राहवेना, जाऊन बसली खाली आणि हातात सुरी घेतली! काय बोलल्या असतील एकमेकींशी? काय नाय. मासे साफ केले. मग त्यांनी नीरफणस भाजला. होय, नीरफणस, आपल्याकडं परसात असतो तोच, तिकडं अख्खा निखाऱ्यात घालतात. तो खाल्ला. मग समुद्रात उभी राहिली. किती वेळ? समरीन म्हणते तास-दीड तास. नुसती उभी! मी इकडं जीव मुठीत धरून, आणि ही पाण्यात पाय घालून. मला हे किळसवाणं वाटतं, नागेशभाऊ, खरंच सांगतो. परक्या मुलखात, परक्या माणसांच्यात, उघड्या डोक्यानं.

आणि ते एक राहिलंच. ते मी कुणाला सांगत नाय. खुर्शीदला पण नाय. ...मी उतरलो ना बसमधनं, फाट्यावर. तेव्हा तिनं मला बघितलेलं. खिडकीतनं. बस हलली तेव्हा मी पोलिसाशी बोलत पाठमोरा उभा होतो, ते तिला दिसत होतं. हाक मारली असती तर ड्रायव्हर थांबला असता, पुढच्या बाईला नुसतं कोपरानं ढोसलं असतं तरी थांबला असता. तिनं हाक मारली नाय. समरीननं विचारलं, अम्मी, का नाय मारलीस? तर म्हणे — मला वाटलं, बघू तरी ही बस कुठं जाते. एवढंच. ना राग, ना भांडण. बघू तरी कुठं जाते! सव्वीस वर्षं संसार केलेली बाई. काय कमी केलं मी तिला? मारलं नाय, दारू नाय, दुसरी केली नाय. तिच्या दवाखान्याला मी, बाजाराला मी, शाळेत मीटिंगला मी, ती गाडीत बसली की मी दार लावणार, उतरताना मी उघडणार. एक कागद तिला कधी धरावा लागला नाय.

आला ओटीपी? बोला. सात... चार... चार... एक. हां. झालं बघा. खलास. ममतावहिनींचं निघालं, प्रिंट मारतो. नाय, पैशाचं राहू द्या, नंतर बघू. बसा ना दोन मिनिटं. नमाजला अजून वेळ आहे.

काय म्हणालात? तुम्ही फोन करा म्हणता? मी? मी का? तिला तारीख माहीत नाय? तिच्या इकाम्याचा फोटो तिच्या फोनमध्ये आहे, री-एंट्रीचा कागद मी स्वतः पाठवलाय. विमानतळावर, दम्मामला, पहिल्यांदा तिच्या हातात दिला इकामा, नियमच आहे म्हणून. तिनं तो पर्समध्ये ठेवला नाय, हातातच धरून आत गेली. मागं वळली नाय. बघा, हे माझं अबशर. हे तिचं नाव. हे इथं लिहिलंय, आजची तारीख. इथं दाबलं की वाढतं. दोन महिने, चार महिने, किती पण. सुंभ जळला तरी पीळ जळत नाय म्हणतात तसं झालंय माझं, ते कळतं मला. घर खायला उठतं. दुपारचं मी इथंच पाव खातो. बरं, लावतो. तुम्ही म्हणता म्हणून लावतो, हां. जाऊ नका. बसा.

हॅलो. हां, मी. जेवलीस? ...फरहाना बरी आहे ना? ...पाऊस कसा आहे तिकडं? ...बरं. नाय, काय नाय, दुकानात आहे. एक ते, मुदतीचं. आज शेवट आहे. हां, माहीतच असेल तुला. मी वाढवणारच होतो, मशीन उघडूनच बसलोय, पण म्हटलं — म्हटलं विचारावं. वाढवू का? ...हॅलो? ...हां, ऐकतोय. ...कोणाबरोबर? ...बरं. ...बरं. ...नाय, ते चालतं आता, बायांना एकट्या येता येतं, माहीत आहे मला. माझा धंदाच आहे तो. ...म्हंजे हुफूफला नाय? ...बरं. ...नाय, राग कसला. ...हां. ठेव.

नाय वाढवायचं म्हणते. गावच्या अकरा बाया निघाल्यात, दोन महिन्यांनी, उमऱ्याला. त्यांच्याबरोबर येणार, मक्का, मदिना आणि परत. व्हिसाचा अर्ज पण तयार आहे म्हणे, गावातल्याच एका पोरीनं भरून दिला. मी विचारलं हुफूफला नाय का, तर म्हणे बघते, वेळ मिळाला तर एक दिवस बसनं येऊन जाईन. मी म्हटलं घ्यायला — नाय, म्हटलं नाय मी. त्याच्या आधीच ती म्हणाली, घ्यायला येऊ नका, माझी मी येईन.

हा घ्या तुमचा कागद. उठा आता. उठा, नागेशभाऊ, दुकान बंद करायचंय मला.